पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन

इंग्लंडातल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनात फलाटाच्या पार टोकाला, जिथं छप्पर संपतं आणि पाऊस सुरू होतो, तिथं एक माणूस उभा असतो. अंगात टोपीचं जाकीट, खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास, सँडविच, वही आणि पहिलं पेन बिघडलं तर दुसरं पेन. गाडी येते. सगळे चढतात, हा चढत नाही. गाडी जाते. हा घड्याळ बघतो, वहीत काहीतरी टिपतो आणि पुन्हा रुळांकडे तोंड करून उभा राहतो. एवढ्या ओल्या जागी माणसाला इतकं समाधान कशाचं, हे कोडं घेऊन आपण आपल्या गाडीत बसतो.

लीड्समध्ये आमच्या शेजारच्याच घरात असे एक गृहस्थ राहतात. आमच्याकडे सगळे त्यांना गाडीसाहेब म्हणतात. वय सत्तरीचं, बांधा किरकोळ, आवाज हळू. आयुष्यभर त्यांनी विम्याचे हिशेब तपासले. रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, “नोकरी केली असती तर गाड्या बघायला वेळ कुठून आणला असता?”

आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात कुंपणावरून ओळख झाली. इंग्रज शेजारी सहसा हवेपासून सुरुवात करतो. यांनी विचारलं, “मूळचे कुठले?” मी म्हटलं, भारतातला. “हो, पण कुठल्या लाइनीवरचे?” गाव, तालुका, कुलदैवत, आडनावाचं मूळ हे सगळं मला लहानपणापासून विचारून झालं होतं. लाइन कुणी विचारली नव्हती. मी म्हटलं, मिरज. त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. “मिरज! म्हणजे ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एका गावात होते ते मिरज? बार्शी लाइटचं शेवटचं स्टेशन?”

मग कुंपणाला टेकून त्यांनी मला माझ्याच मुलखाची माहिती सांगितली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर जी. आय. पी. रेल्वेत होता. बार्शीचा कापूसबाजार मुख्य लाइनीला जोडायचं त्यानं मनावर घेतलं. अडीच फुटी रूळ आणि कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. म्हणजे रूळ हलके, पूल हलके, खर्चही हलका. लोकांना हे पटावं म्हणून त्यानं १८९४ साली बार्शीसाठी बांधलेले डबे इथंच, लीड्सजवळच्या न्यूलेला, तात्पुरते रूळ टाकून चालवून दाखवले. इंजिनंही लीड्सच्या किटसन कारखान्याची. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. सन सांगताना त्यांना एकदाही अडखळावं लागलं नाही. माझी मुंजीची तारीख मला इतकी पाठ नाही.

“न्यूले इथून चालत जाण्यासारखं आहे,” ते म्हणाले. “उद्या सकाळी मोकळे आहात का?”

गेलो. तिथं बघायला काय होतं? नदी होती, झाडी होती, घरं होती. गाडीसाहेबांनी एका झुडपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “अंदाजे इथं.” मग आम्ही दोघं त्या झुडपासमोर बराच वेळ उभे राहिलो. त्यांना आदर वाटत होता, मला थंडी.

परत येताना त्यांनी मला इंजिन ओळखायला शिकवलं. नाव, रंग, धुराडं या सगळ्या वरवरच्या गोष्टी. खरी ओळख चाकांवरून. पुढची लहान किती, मधली मोठी किती, मागची लहान किती. पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन: असं म्हटलं की जाणकाराच्या डोळ्यांपुढे अख्खं इंजिन उभं राहतं. माझ्या डोळ्यांपुढे बेरजेचं गणित उभं राहिलं, पण मी मान डोलावली. तेव्हापासून गाडीसाहेब मला जाणकारांत धरतात.

नंबर टिपायचं हे वेड घरोघर पोचवलं ते एका कारकुनानं. १९४२ साली, ऐन युद्धात, इयन ॲलन नावाचा विशीतला तरुण सदर्न रेल्वेच्या लंडनमधल्या वॉटर्लू कचेरीत कामाला होता. इंजिनांची चौकशी करणारी पत्रं यायची आणि त्यांना उत्तरं देऊन तो कंटाळायचा. सगळ्या इंजिनांचे नंबर एका पुस्तिकेत छापून टाकू, असं त्यानं सुचवलं. वरिष्ठांना त्यात राम दिसेना. मग त्यानं स्वतःच छापली. किंमत एक शिलिंग. पुस्तिका हातोहात खपली. त्यातून मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि पुढच्या दोन दशकांतली इंग्लंडची पोरं पुलांवर आणि फलाटांवर वाढली. दिसलेल्या इंजिनाच्या नंबराखाली रेघ मारायची, एवढाच खेळ. मात्र रेघ पट्टीनं मारायची. हातानं मारलेली रेघ ही गाडीसाहेबांच्या मते माणूस घसरल्याची पहिली खूण आहे.

त्यांच्या लहानपणच्या पुस्तिका अजून कपाटात आहेत. एक पान त्यांनी मला दाखवलं. सगळ्या नंबरांखाली रेघा, मध्येच एक नंबर उघडा. “हे दिसलं होतं,” ते म्हणाले. “बोगद्यात शिरताना. हेच असणार, कारण त्या गटातलं दुसरं कुठलंच उरलं नव्हतं. पण धूर होता. नंबर वाचता आला नाही. पुढच्या वर्षी भंगारात गेलं.” मी म्हटलं, मग आता मारून टाका की रेघ, कोण बघतंय? गाडीसाहेबांनी पुस्तिका मिटली, कपाटात ठेवली, कपाटाला किल्ली लावली आणि विषय बदलून हवेबद्दल बोलायला लागले. त्यांना माझा एवढा राग आलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांच्या पोटमाळ्यावर १९५५ सालचा जून महिना चालू आहे. मंगळवार, दुपारचे तीन. यॉर्कशरमधलं एक छोटं स्टेशन, मालधक्का, सिग्नलची केबिन, टेकडीवर मेंढ्या. शिडी चढून वर गेलं की आपण या मंगळवारात शिरतो. फलाटावर एक बाई छत्री घेऊन उभी आहे. गाडी तिच्यासमोर येऊन थांबते, सुटते, पुन्हा फिरून येते. चढणं काही बाईच्या नशिबात नाही. गंमत अशी की १९५५ हे गाडीसाहेबांचं जन्मसाल. ते सगळं त्यांनी पाळण्यातून पाहिलं असेल तेवढंच. पण जे पाहिलं नाही त्याचीच आठवण माणसाला जास्त काटेकोर ठेवावी लागते.

ब्रिटिश रेल्वेचे प्रवासी डबे १९५६ पर्यंत लाल आणि सायीच्या रंगाचे, त्यानंतर मरून. इंजिनावरचं बोधचिन्हही १९५६ साली बदललं. आधी चाकावर स्वार झालेला एक हडकुळा सिंह असायचा. वाढदिवसाला जावयानं मोठ्या हौसेनं एक मरून डबा आणला. गाडीसाहेबांनी आभार मानले, डबा उलटासुलटा करून पाहिला, चाकांची स्तुती केली आणि कपाटात ठेवून दिला. “उत्तम डबा आहे,” ते मला हळूच म्हणाले. “पण तो अजून जन्मायचाय.”

नवं मॉडेल इंजिन आज दोनशे पौंडांच्या घरात जातं. ते चकचकीत येतं, आणि तिथंच गाडीसाहेबांचं दुःख सुरू होतं. खरं इंजिन कधी चकचकीत असतं का? मग भिंगाखाली, केसाएवढ्या ब्रशानं, त्यावर काजळी चढवायची, चाकांवर गंज, झाकणाखाली तेलाचा ओघळ, पाण्याच्या टाकीवर क्षारांचे पांढरे डाग. खाली बाईसाहेब ओटा घासत असतात, वर साहेब नवी वस्तू मळवत असतात. दोघांचा संसार असा समतोल चालतो.

आता रुळांच्या रुंदीबद्दल. इथं जपून लिहायला हवं, कारण या विषयावरून जुन्या मित्रांमध्ये अबोला झालेला आहे. ब्रिटनमधलं घरगुती मॉडेल असतं ‘डबल ओ’ मापाचं: खऱ्या फुटाला चार मिलिमीटर. त्या हिशेबानं दोन रुळांमधलं अंतर १८.८३ मिलिमीटर हवं, असतं साडेसोळाच. घडलं असं, की साडेसोळाचे रूळ युरोपच्या मापाचे, आणि त्या मापात फुटाला साडेतीन मिलिमीटर. ब्रिटनची खरी इंजिनं पडली युरोपच्या मानानं बुटकी आणि अरुंद. एवढ्या मापात केल्यावर त्यांच्या पोटात त्या काळची मोटर मावेना. तेव्हा धड मोठं केलं आणि रूळ होते तेच ठेवले. त्यामुळे घराघरांतल्या गाड्या चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचावर धावतात. बहुतेकांचं यावाचून काही अडलं नाही. काहींची मात्र झोप उडाली. त्यांनी रूळ हातानं बनवून बरोबर १८.८३ मिलिमीटरचा ‘पी फोर’ पंथ काढला, काहींनी १८.२ वर तडजोड केली, तो ‘ई एम’ पंथ. स्मार्त आणि भागवत एकादशीचं भांडण ज्यांनी घरात पाहिलं आहे, त्यांना अडीच मिलिमीटरही न भरणाऱ्या या फरकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गाडीसाहेब डबल ओवाले. पी फोरवाल्यांबद्दल ते वाईट बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, “त्यांचे रूळ फारच अचूक. त्यांवर टिकून राहिलेली गाडी तेवढी अजून पाहायची आहे.”

घरातही पंथ आहेतच. ब्रिटिश रेल्वेनं मेन लाइनवर आपली शेवटची वाफेची प्रवासी गाडी सोडली ११ ऑगस्ट १९६८ रोजी, लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला आणि परत. तिकीट पंधरा गिनी. तेरा वर्षांच्या मुलाच्या बापाला तेवढे पैसे काढणं शक्य नव्हतं. म्हणून बापलेक डोंगरात जाऊन लाइनीच्या कडेला उभे राहिले. तिथं अर्धं यॉर्कशर आधीच येऊन उभं होतं. गाडी आली आणि गेली. वडील म्हणाले, “चला, संपलं.” गाडीसाहेबांनी ते आजतागायत मान्य केलेलं नाही.

जावई पडला डिझेलवाला. त्याचा जीव १९७६ साली आलेल्या, ताशी १२५ मैल धावणाऱ्या हाय स्पीड ट्रेनवर. सासऱ्यांच्या मते जिला तहान लागत नाही ती गाडीच नव्हे. नातू या दोघांनाही म्हाताऱ्यांत काढतो. तो विजेच्या गाड्यांचे आवाज मोबाइलवर साठवतो आणि डोळे मिटून ऐकत बसतो. तिघांचं ऐकून माझा एक सिद्धान्त झाला आहे. ज्या गाडीपायी माणसानं सातवी-आठवीचा गृहपाठ बुडवला, ती त्याची खरी गाडी. तिच्याआधीच्या सगळ्या पुराणातल्या, नंतरच्या सगळ्या बिघडलेल्या.

एका नावापुढे मात्र तिघंही टोपी काढतात: मॅलार्ड. ३ जुलै १९३८ रोजी या इंजिनानं ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा जागतिक विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. निळंशार, वाऱ्याला वाट देणाऱ्या अंगाचं ते इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याचे जनक सर नायजेल ग्रेस्ली. त्यांचा पुतळा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात बसवायचं ठरलं, तेव्हा पायाशी एक रानबदक दाखवायची योजना होती. इंजिनाचं नाव बदकाचं आणि ग्रेस्लींना बदकं पाळायचा नाद. त्यांच्या नातवांना हे आजोबांच्या इभ्रतीला शोभेसं वाटलं नाही. झालं! बदक हवं आणि बदक नको असे दोन तट पडले, पत्रापत्री झाली, सह्या गोळा झाल्या. २०१६ साली पुतळा उभा राहिला तो बदकाविना. गाडीसाहेब तो बघायला मुद्दाम लंडनला गेले, जाताना खिशात प्लास्टिकचं एक बदक घेऊन. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले तेव्हा खिसा रिकामा होता, एवढं बाईसाहेबांकडून कळलं.

बाईसाहेबांची कमाल आहे. त्यांचा मधुचंद्र वेल्समध्ये, टॅलीलिन रेल्वेच्या गावी झाला. स्लेटच्या दगडाची ने-आण करणारी ही चिमुकली लाइन बंद पडणार होती. १९५१ साली लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि मंडळींनी ती स्वयंसेवकांच्या बळावर चालवायला घेतली; जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. ‘थॉमस’ इंजिनाच्या बालगोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्रीसुद्धा तिथं राबून गेले. यातलं काहीच नव्या नवरीला ठाऊक नव्हतं. नवरोजी सामान टाकून म्हणाले, “तासाभरात आलोच.” आले ते दिवेलागणीला, खडी उपसून नखशिखांत काळे होऊन. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबही त्यांच्याबरोबर गेल्या. “नाहीतर लग्न झालंय ते त्याला कोण सांगणार?” त्या म्हणतात. आज त्या तिकीटखिडकीवर बसतात, दुरून शिट्टी ऐकून इंजिन सांगतात आणि आपल्याला यातलं काही कळत नाही असं वर सांगतात.

रविवारी गाडीसाहेब लीड्समधल्याच मिडल्टन रेल्वेवर असतात. १७५८ साली संसदेच्या कायद्यानं मंजूर झालेली ही कोळशाच्या खाणीची लाइन. १८१२ पासून इथं वाफेची इंजिनं धंद्यासाठी चालली आणि १९६० साली ती स्वयंसेवकांनी ताब्यात घेतली. तिथं ते पहाटे इंजिनाच्या पोटात शिरून राख काढतात, चिंध्यांनी पितळ घासतात. घरी स्वतःचा कप विसळत नाहीत.

या घरात एक नाव मात्र घ्यायचं नसतं. डॉक्टर रिचर्ड बीचिंग. रसायनांच्या बड्या कंपनीतून आलेले हे शास्त्रज्ञ सरकारनं रेल्वेचा तोटा भरून काढायला आणून बसवले. मार्च १९६३ मध्ये त्यांचा अहवाल आला: २,३६३ स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैलांची लाइन बंद करा. त्यांना नेमणारे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते बांधणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी. हा तपशील गाडीसाहेब एकाच सुरात सांगतात आणि मग पाणी पितात. त्यानंतर ज्या लाइनी उखडल्या त्यांवरून ते सुट्टीत पायी हिंडतात. आपल्याला दिसते पायवाट; त्यांना दिसतो अप, डाउन आणि सायडिंग. स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड खोऱ्यात त्यांनी मलाही एकदा चालवलं. बीचिंगच्या आधीच मेलेली ही लाइन आपल्या कॅलथ्रॉपचीच. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. बार्शीच्या धर्तीवर अडीच फुटी रूळ, इंजिनं किटसनचीच, वर हिंदुस्थानी पद्धतीचा भलाथोरला पुढचा दिवा. प्रवासी जेमतेम, माल म्हणजे मुख्यतः दूध. इंग्रजी गाईंनी तो दिवा पाहून काय समजूत करून घेतली असेल, कोण जाणे.

कधी कधी लाइन बंद करण्याचे सोपस्कार इतके किचकट असतात, की त्यापेक्षा नावापुरती एखादी गाडी सोडत राहणं परवडतं. स्टॉकपोर्ट ते स्टॅलीब्रिज या मार्गावर अशी गाडी वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदाच धावते आहे. गाडीसाहेब खास तिच्यात बसायला गेले. डबा बऱ्यापैकी भरलेला होता. सगळ्यांच्या अंगात टोपीची जाकिटं, सगळ्यांकडे वह्या. जायचं कुणालाच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई आली. तिचं माहेर बार्शीचं. हे माझ्या तोंडून निसटलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीसाहेब कोट-टाय घालून, हातात केक घेऊन दारात उभे. आईला वाटलं, बँकेचा माणूस आहे. ते खुर्चीच्या कडेवर बसले, नवी कोरी वही उघडली. मध्ये दुभाष्या मी.

“यांना बार्शी लाइटचं इंजिन आठवतं का?”

“न आठवायला काय झालं? काळं होतं.”

नोंद झाली. “पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन, अशी चाकं होती का?”

“चाकं कोण मोजत बसलंय! आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला निघालेलो, मांडीवर धाकटा भाऊ, त्याच्या हातात दशमी. गर्दी ही एवढी. माणसं टपावर बसलेली.”

“टपावर! डबे चार चाकांचे की आठ?”

“अरे, त्याला सांग, चढ लागला की गाडी दमायची. मग सगळे ‘विठ्ठल, विठ्ठल’ करायचे, अन् चढायची एकदाची.”

मी जमेल तसं इंग्रजी केलं. गाडीसाहेब लिहिता लिहिता थांबले. घाटात गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. कर्जत-कसाऱ्याकडच्या लोकांना हे सांगायला नको. साहेबांनी अदबीनं विचारलं, “हे विठ्ठल बँकर इंजिन कुठल्या कारखान्याचं? चाकं किती?”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्याला सांग, चाकं नाहीत. वीट आहे.”

तो सगळा खुलासा करता करता केक संपला. शेवटी त्यांनी विचारलं, शिट्टी कशी होती? आई जरा लाजली, पदर सावरला आणि तिनं ती शिट्टी घातली. आधी लांब, मग तुटक, शेवटी घसरत गेलेली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची. गाडीसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “पुन्हा एकदा?” तिनं पुन्हा घातली. त्यांनी डोळे मिटले होते. ते गेल्यावर आई म्हणाली, “माणूस चांगला आहे रे. पण गाडीत कोण कोण बसलं होतं ते काही विचारलं नाही त्यानं.” आठवडाभरानं वही बघायला मिळाली. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: “चढावर बँकर: विठ्ठल (चाकं नाहीत). कामगिरी खात्रीची.”

या माणसाला हसणं सोपं आहे. त्याच्या देशानं ते मनसोक्त केलं आहे. पण हिशेब बघा. १९८० च्या दशकात सेटल ते कार्लाइल ही डोंगरातली लाइन, चोवीस कमानींच्या रिबलहेड पुलासकट, बंद करायला निघाले होते. दुरुस्ती परवडत नाही म्हणून. बावीस हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. त्यांत रसप नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, आणि तो तिकीट काढून प्रवास करणारा असल्यामुळे ग्राह्य धरला गेला. १९८९ साली लाइन वाचली, आजही चालते. वेल्समधल्या बॅरीच्या भंगारखान्यातून या लोकांनी वर्गण्या काढून २१३ इंजिनं सोडवून आणली. ‘टॉर्नेडो’ नावाचं इंजिन ज्या जातीचं, त्या जातीच्या ४९ इंजिनांपैकी एकही उरलं नव्हतं. तर आठवड्याला एका बिअरच्या किमतीएवढी वर्गणी काढून यांनी २००८ साली नवं कोरं बांधून रुळांवर आणलं. बॉयलर जर्मनीहून आणावा लागला, ते गाडीसाहेब आवाज खाली आणून सांगतात. आणि ज्या लाइनी शहाण्या माणसांनी आकडे मांडून बंद केल्या होत्या, त्यांतल्या काही सरकार आता पैसे घालून पुन्हा सुरू करतं आहे. एडिंबरोहून दक्षिणेला जाणारी, १९६९ साली बंद केलेली लाइन २०१५ साली काही अंतर पुन्हा धावू लागली. शहाण्यांचे आकडे चुकले. चाकं मोजणाऱ्यांचे बरोबर निघाले, कारण कोणी बघत नसतानाही ते पट्टीनंच रेघ मारत होते.

आपल्याकडे बार्शी लाइटचे अरुंद रूळ जाऊन टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज आला. प्रवाशांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या घरात त्या गाडीनं पंढरपूरला गेलेलं कुणी वडीलधारं असेल, किंवा यवतमाळच्या शकुंतलेत बसलेलं, तर त्यांना आजच विचारून लिहून ठेवा: डबा कसा होता, शिट्टी कशी होती, शेजारी कोण बसलं होतं. आणि चाकांचा आकडा चुकून आठवलाच, तर तो आधी मला कळवा. गाडीसाहेबांना एकदम सांगू नका. त्यांचं वय झालं आहे, आनंद सोसायचा नाही.